आधी लोड बॅलन्सर, मग सर्व्हर

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याचे दोन्ही ईमेल सर्व्हर बदलायचे असून त्यांच्यापुढे हार्डवेअर लोड बॅलन्सरही (येणाऱ्या जोडण्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारे उपकरण) बसवायचा आहे. दोन्ही कामे एकाच रविवारी उरकावीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपया तसे करू नका, कारण सोमवारी सकाळी टपाल अडले तर दोष नेमका कशात आहे हे शोधणे फार जड जाईल. आधी जुन्याच सर्व्हरपुढे लोड बॅलन्सर बसवून तो काही दिवस चालवा. त्यानंतर एकेका सर्व्हरकडे नव्या जोडण्या जाणे थांबवून, चालू जोडण्या संपल्यावर तो बदला.

सर्वाधिक काळजी पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्याची घ्यावी. लोड बॅलन्सर मूळ पत्ता बदलून स्वतःचा पत्ता पुढे देत असेल, तर एसपीएफ तपासणी (त्या पत्त्याला संबंधित डोमेनचे टपाल पाठवण्याची परवानगी आहे का, हे पाहणारी) निरर्थक ठरते. शिवाय सगळे टपाल आतूनच आल्यासारखे दिसल्याने, अंतर्गत पत्त्यांना विनाअट टपाल पाठवू देणारा तुमचा सर्व्हर बाहेरच्या कोणाचेही टपाल पुढे धाडू लागतो आणि तुमचा पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातो. हे टाळण्यासाठी मूळ पत्ता कायम ठेवणारी जोडणी करावी किंवा, पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरवर, प्रॉक्सी प्रोटोकॉल (मूळ पत्ता जोडणीच्या सुरुवातीलाच सर्व्हरला कळवणारी पद्धत) वापरावा. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे पाहताना टपाल स्वीकारणारे पोर्ट 25 नुसते उघडले म्हणून समाधान मानू नये, तर सर्व्हर तयार असल्याचे सांगणारे, ‘220’ ने सुरू होणारे उत्तर येते का, हे तपासावे.

मधल्या काळात सर्व्हर थोडा वेळ बंद राहिला, तरी बाहेरचे सर्व्हर सहसा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे येणारे टपाल लगेच हरवत नाही.