तुझा विषय कुर्ल्यातच आहे

तुझा मेसेज वाचला. बारावी झाली, पुढे काय शिकायचं सुचत नाही, आणि "फ्लॅट, क्लास, लोकल यापलीकडे मी काही पाहिलंच नाही" असं लिहिलंयस, ते काही मला पटलं नाही बघ.

मी परळच्या चाळीत वाढले. पाणी पहाटे तासभर यायचं, आई पिंपं भरायची आणि मी अर्धवट झोपेत विचारायचे की हे येतं कुठून, आणि पावसाळ्यात हिंदमाता चौकात गुडघाभर साचलं की ते जात का नाही. त्यातूनच मी भूगोलाकडे आणि मग पाण्याच्या अभ्यासाकडे गेले. भाऊ त्याच खोलीत वाढला, पण 1982 च्या संपात बाबांची गिरणी सुटली ते त्याच्या मनात बसलं, त्याने अर्थशास्त्र घेतलं. खोली एकच, पण आम्हा दोघांना टोचलं वेगळंच.

तू तर कुर्ल्याची, मिठी नदीच्या काठची. विहार-पवई तलावांच्या ओव्हरफ्लोपासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम 18 किलोमीटरची नदी, आणि आपण तिला नाला म्हणतो! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस, पण आईकडून ऐकलेली ती रात्र तू मला कितीदा सांगितलीयस, आणि दरवेळी तुझा प्रश्न एकच, की मिठीचं पाणी चढतंय हे तळमजल्यावरच्यांना आधी कोणी का नाही सांगितलं. अगं हा नुसता इंजिनियरिंगचा प्रश्न नाहीये, यात हवामान आलं, नगररचना आली, कुणाला कुठे राहायला जागा मिळते तेही आलं.

पण शहर अर्धंच दाखवतं हां. भातसा, तानसा ही आपल्याला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, हे मला एमएला जाईपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाईने डोक्यावरचा हंडा उतरवत विचारलं, मुंबईची का गं तू? मला मान वर करून हो म्हणता येईना. तोवर मी फक्त नळाच्या या बाजूने शिकत होते.

तर फॉर्म भरायची घाई नको करूस. एका रविवारी आईला घेऊन पवईपासून जमेल तेवढं मिठीच्या कडेने चाल, कुठे भिंत आलीय, कुठे गोदाम, विमानतळाची धावपट्टी कुठे तिच्यावरून जाते, सगळं वहीत लिही. पुढच्या रविवारी आसनगाव लोकल पकडू, शहापूरला मी येते सोबत.