रात्री दोन वाजता कुठे न्यायचं?

प्रिय मुली,

येत्या सोमवारी पोलिसांसमोर मानसिक आजारांबद्दलचं तुझं पहिलं प्रशिक्षण सत्र आहे. तू पाठवलेली मांडणी दोनदा वाचली. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, नैराश्य, लक्षणं, औषधं, सगळं बिनचूक आहे. पण समोरच्या हवालदाराला रात्रपाळीत जे लागतं, ते त्यात नाही. एवढ्यासाठीच हे पत्र.

माझं पहिलं सत्र २०१८ च्या पावसाळ्यातलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा नुकता लागू झाला होता आणि मी कलम १०० समजावत होते. रस्त्यावर भटकणारी, आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य. शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोठडीत कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. मागच्या रांगेतले एक हवालदार उभे राहिले. "मॅडम, कायदा मान्य आहे. पण रात्री दोनला दवाखान्यात गेलो की म्हणतात, इथे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, मनोरुग्णालयात न्या. ते आमच्यापासून शंभर किलोमीटर. गाडी नाही, सोबतीला महिला शिपाई नाही. त्या बाईला मी ठेवू कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी संवेदनशीलतेवर बोलत राहिले आणि समोरचे चेहरे मिटत गेले. रुग्णांसोबत इतकी वर्षं काढून पोलीस ठाण्यातली एक रात्रही मी पाहिलेली नव्हती, याची मला फार लाज वाटली.

घरी येऊन कायदा पुन्हा उघडला. उत्तर त्यातच होतं. कलम १०० म्हणतं 'जवळचा सरकारी दवाखाना', मनोरुग्णालय नव्हे. तिथे नेल्यावर तपासणीची व्यवस्था करण्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. जिवाला गंभीर धोका असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो, ७२ तासांपर्यंत. हे हवालदाराला ठाऊक हवंच, पण ड्युटीवरच्या डॉक्टरलाही ठाऊक हवं. म्हणून त्यानंतर मी एकट्या पोलिसांचं प्रशिक्षण घेणं बंद केलं. तालुक्याच्या रुग्णालयातला एक तरी डॉक्टर त्याच खोलीत बसवते. दोघं एकमेकांचे नंबर घेऊन जातात, आणि माझ्या तीन तासांच्या बोलण्यापेक्षा ते नंबर जास्त कामाला येतात.

अमेरिकेत मेम्फिसला १९८७ मध्ये आजारी अवस्थेतला एक तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. त्यानंतर तिथे पोलीस, रुग्णांची कुटुंबं आणि विद्यापीठातले लोक एकत्र बसले आणि १९८८ मध्ये ४० तासांचं प्रशिक्षण उभं राहिलं. सगळे त्या ४० तासांबद्दल बोलतात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते: पोलिसांनी आणलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, असं एक रुग्णालय त्यांनी ठरवून ठेवलं. ती जागा नसेल तर शिकवलेलं सगळं पहाटेपर्यंत विरून जातं.

पुढे परवानगी काढून मी महिन्यातून एक रात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी बसू लागले. तूही बस. एका रात्री गस्तीवरच्या शिपायांनी एका बाईंना आणलं. पायात चप्पल नाही, छातीशी प्लास्टिकच्या पिशव्यांचं गाठोडं. कुणी गाठोड्याला हात लावला की किंचाळायच्या. स्टेशन डायरीत लिहिलं गेलं, 'वेडसर इसम, नाव सांगत नाही, असंबद्ध बडबड.' तेवढ्यात सोलापूरकडचा एक तरुण शिपाई आत आला, दोन मिनिटं ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बडबड नाही साहेब, तेलुगू आहे." तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर खाली फरशीवर बसला. टोपी काढून बाजूला ठेवली. गाठोड्याकडे पाहिलंही नाही. पाणी पुढे सरकवलं आणि तेलुगूत नाव विचारलं. बऱ्याच वेळाने त्यांनी नाव सांगितलं, मग गावाचंही. पहाट व्हायच्या आत त्या दवाखान्यात पोचल्या होत्या आणि गाठोडं त्यांच्याजवळच होतं.

सोमवारी लक्षणांच्या यादीऐवजी हे करून दाखव: अंतर किती ठेवायचं, आवाज कसा, हातातली काठी कुठे, एका वेळी एकानेच कसं बोलायचं. बरा होऊन कामधंद्याला लागलेला एखादा माणूस सोबत ने आणि त्याला बोलू दे. त्याला मानधन मिळालंच पाहिजे, त्यावर अडून बस. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाबद्दल कलम ११५ काय म्हणतं तेही सांग: तो प्रचंड ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो. गुन्हेगाराला विचारावं तसे प्रश्न त्याला विचारायचे नसतात.

आणि मिसिंगची नोंद विसरू देऊ नकोस. बेघर किंवा भटकताना सापडलेल्या व्यक्तीची ठाण्यात नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही कलम १०० मध्येच आहे. कामाच्या रेट्यात सगळ्यात आधी तेच राहून जातं, आणि कुठल्या तरी गावात कुणाची तरी आई वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसते. त्या बाईंच्या मुलाचा फोन अकराव्या दिवशी आला. तो शिपाई तेव्हा सुट्टीवर होता, तरी ठाण्यात येऊन गेला.

सत्र संपलं की उशीर झाला तरी फोन कर. त्यांनी कोणते प्रश्न विचारले ते लिहून ठेव, मला तेच ऐकायचे आहेत.

तुझी,
ताई