पोचायची तारीख देऊ नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री अकराला आला आणि मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही. पोहण्याच्या वर्गाला महिन्यातून एक-दोनदा तू उशिरा यायचीस, धाकट्या भावाला रक्त चढवून तुम्ही मायलेकी थेट तलावावर यायचात, हे मी विसरलेले नाही. त्यामुळे थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई ते पणजी कयाकनं, त्या वल्ह्याच्या अरुंद होडीनं, जायचं म्हणालीस, तेव्हा ‘का’ हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही.

संस्थेच्या लोकांना तू ८ मेला, जागतिक थॅलेसेमिया दिनी, मिरामारच्या किनाऱ्यावर उतरायला हवी आहेस. मांडव, पाहुणे, देणगीचे धनादेश, सगळं ठरत आलंय. तुझे सर म्हणतात, गेलीस तर जानेवारी-फेब्रुवारीतच जा. ‘ताई, कुणाचं ऐकू?’ असं तू विचारलंस.

सरांचं ऐक. पण नुसता महिना बदलून तुझा प्रश्न सुटणार नाही. मे असो की जानेवारी, पोचायची तारीख कुणालाही देऊ नकोस. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तुझं वेळापत्रक पाहिलं. २७ एप्रिलला गेटवेहून निघायचं, बारा दिवसांत साधारण ४०० किलोमीटर. म्हणजे रोज ३३-३४, आणि विश्रांतीचा एकही दिवस नाही. सामान भरलेली कयाक तू तासाला साडेपाच किलोमीटरनं नेशील, तेही हात ताजे असताना. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, पाणी गुळगुळीत असतं. अकराच्या पुढे वायव्येचा वारा उठतो आणि दुपारी लाटांची टोकं पांढरी होतात. साडेपाचला पाण्यात उतरलीस तर तुझ्या हातात साडेपाच तास आहेत. गुणाकार कर. तीस किलोमीटर होतात. उरलेले रोजचे तीन-चार तू भर वाऱ्यात, दमलेल्या खांद्यांनी काढणार आहेस. २०१५ मध्ये कौस्तुभ खाडे मुंबईहून गोव्याला एकटा वल्हवत गेला, तोही एका समाजकार्यासाठी निधी उभारत. त्याला सतरा दिवस लागले. पुढे तो गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत गेला, म्हणजे त्याच्या दमाबद्दल शंका नको. मग तू बारा दिवस कुठून आणलेस? मी सांगते. ८ मेवरून मागे मोजत आणलेस.

मे महिन्याचं तर बोलूच नको. नैर्ऋत्येकडून लांब लाटा यायला लागलेल्या असतात. पातवाले, म्हणजे लहान होडीतून मासे मारणारे, त्या दिवसांत वाऱ्याकडे बघून मगच होडी पाण्यात घालतात. महिना संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद. २०२१ मध्ये तौक्ते वादळ १५-१६ मेला आपल्या किनाऱ्यासमोरून वर गेलं, ते आठव. तुझ्या कार्यक्रमाच्या पुढच्याच आठवड्यातली तारीख आहे ती. हिवाळ्याची तरी खात्री कुठे आहे? फयान नोव्हेंबरात आलं, २००९ मध्ये. ओखी डिसेंबरात आलं, २०१७ मध्ये, आणि केरळ-तमिळनाडूच्या बोटी देवगडच्या बंदरात आसऱ्याला येऊन थांबल्या होत्या. चांगल्या महिन्यातही वाईट आठवडा येतो. तेव्हा किनाऱ्यावर बसून राहता आलं पाहिजे, आणि तारीख दिलेल्या माणसाला बसता येत नाही.

आपल्या कोळ्यांकडे बघ. नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात, तो दिवस पंचांगात छापलेला असतो. पण दुसऱ्या दिवशी दर्या खवळलेला असला तर होडी खाली घालत नाहीत. पूजेची तारीख ठरलेली, निघायची दर्यावर सोडलेली. तुझी संस्था नेमकं उलटं करायला निघाली आहे.

आता खाड्यांची तोंडं. रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, तेरेखोल. उघड्या समुद्राला तू घाबरतेस असं लिहिलंयस, पण मला तुझी भीती वाटते ती या जागांवर. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून दुपारचा वारा आत येत असतो. दोन्हींच्या मध्ये लाट आखूड आणि उभी होते आणि तोंडावरच्या वाळूवर येऊन फुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे जास्त, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, कमी. मुंबईकडे तर उधाणाला पाणी ४ मीटरच्या वर चढतं-उतरतं, दक्षिणेला जाशील तसं ते कमी होत जातं. म्हणून खाडीचं तोंड सकाळी, वारा उठायच्या आत आणि भरती संपताना पाणी थांबलेलं असेल तेव्हा ओलांडायचं. अशी वेळ रोज मिळत नाही. नाही मिळाली तर त्या दिवशी अलीकडेच मुक्काम.

हे मला २००७ मध्येही तोंडपाठ होतं.

जानेवारी होता. मी आणि माझी मैत्रीण एका ग्रामीण रुग्णालयासाठी निघालो होतो. तिचं पोट बिघडल्यामुळे कोळथऱ्याला आमचा एक दिवस मोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला गुहागरला सत्कार होता, मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते धनादेश मिळणार होता. दाभोळच्या तोंडाशी आलो तेव्हा दुपारचे दोन. किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलानं, होडीच्या म्होरक्यानं, सांगितलं, ‘आज नको बाय. सुकती लागलीय, वारा पण उठलाय. उद्या पहाटे जावा.’ मी घड्याळाकडे पाहिलं. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. ती नवखी होती, मी जाणती होते. मी म्हटलं, निघू या.

खाडीच्या मध्यावर तिच्यावर लाट फुटली. तिनं वल्हं डोक्याच्या वर धरून तोल सावरायचा प्रयत्न केला आणि खांदा निखळला. पाण्यातून तिचा आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. एका मच्छीमार होडीनं आम्हाला उचललं. तिला दवाखान्यात नेलं, आणि मी कार्यक्रमाला गेले. ओल्या कपड्यांत व्यासपीठावर बसले, हार घातला, भाषणही केलं. ती एकटी होती, तिच्या घरचे रात्री पोचले.

ती आजही म्हणते, निर्णय दोघींचा होता. नव्हता. तिला आजही उजव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, आणि तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले की मी तो डबा काढून देते, काही न बोलता. पोचायची तारीख देऊ नकोस, हे मी कुठून शिकले, ते तुला कळलं असेल.

तुझ्या मेसेजमधली आणखी एक गोष्ट मला आवडली नाही. किलोमीटरमागे ठरावीक रुपये, असे शब्द तू लोकांकडून घेतले आहेस. म्हणजे तू विजयदुर्गला थांबलीस तर मुलांच्या वाटचे पैसे कमी होणार. हे डोक्यात घेऊन खाडीच्या तोंडाशी उभी राहशील, तेव्हा पाण्याकडे नीट बघशील का? पैसे निघण्याआधी गोळा कर. देणाऱ्याला स्पष्ट सांग, मी कुठेही थांबले तरी रक्कम तीच. जो याला नाही म्हणेल, त्याचे पैसे घेऊ नकोस. आणि ते संस्थेच्या खात्यातच जाऊ देत, तुझ्या नाही. देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीत चालत नाही, हेही आधीच सांग.

शिवाय ८ मेचा आग्रह धरणाऱ्यांना तू एक प्रश्न का विचारत नाहीस? रक्त ३५ ते ४२ दिवस टिकतं. या मुलांना ते दर दोन ते चार आठवड्यांनी लागतं, जन्मभर. वर शरीरात साठलेलं लोह काढायची औषधं वेगळी. एका दिवशी मिरामारला पाचशे बाटल्या जमवल्या, तर जुलैत काय? उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, रक्तपेढ्यांना तुटवडा पडतो, तेव्हा ८ मेला शिबिर जरूर घ्या. पण ते जमिनीवरचं काम आहे, त्याला तू ओली होऊन यायची गरज नाही. वाटेतल्या गावांमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतरानं शिबिरं ठेव, तिथल्या रक्तपेढीशी बोलून. शिबिराला तारीख असू दे. तू त्या दिवशी गावात असलीस तर जाशील, नसलीस तर फोनवरून चार शब्द बोलशील. तुझ्यावाचून शिबिर अडू नये, अशीच त्याची आखणी कर.

मी हे सांगते म्हणून लोक मला भित्री म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. २०१२ च्या फेब्रुवारीत मी एकटी पुन्हा निघाले, आणि मूर्खासारखे किलोमीटरचेच शब्द घेऊन निघाले. विजयदुर्गला चार दिवस वारा पडला नाही. पाचव्या सकाळी मी एका घराच्या पडवीत कयाक ठेवली आणि एसटीनं परत आले. गोवा सव्वाशे किलोमीटर राहिला होता. देणाऱ्यांनी तेवढे पैसे कापून दिले. ज्यांच्यासाठी गेले होते त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, ‘मॅडम, थोडं अजून ताणलं असतंत तर.’ सहाव्या दिवशी समुद्र शांत झाला होता, हेही कुणीतरी आवर्जून कळवलं. झाला असेल. पाचव्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, आणि सव्वाशे किलोमीटरांत तोंडं कमी नव्हती. मी किती वेळा तो हिशेब पुन्हा मांडला आहे, रात्री, एकटीनं. दर वेळी उत्तर तेच येतं. मी थांबले ते बरोबर होतं. कमी पडलेले पैसे मी दोन वर्षांत माझ्या वर्गाच्या फीमधून भरले, त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. माझी चूक थांबण्यात नव्हती, आधी शब्द देण्यात होती.

परवानग्यांचं तुझे सर बघतील, पण तटरक्षक दल, मेरीटाइम बोर्ड आणि प्रत्येक हद्दीतलं सागरी पोलीस ठाणं, तिघांनाही लेखी कळव. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी माणूस उतरला की गावकरी आधी पोलिसांना फोन करतात, आणि बरोबरच करतात. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही नंबर कयाकच्या पुढच्या भागावर रंगानं लिही. फोन भिजतो.

संस्थेला काय सांगू, असं तू शेवटी लिहिलंयस. सांग, मी जानेवारीत निघेन आणि पोचल्यावर कळवेन. तुला बोलायला जड जात असेल तर अध्यक्षांचा नंबर मला पाठव, मी बोलते. त्यांना माझा राग आला तर येऊ दे.

रविवारी पहाटे साडेपाचला ये. खाडीच्या तोंडाशी तुला उलटवून परत आत चढायला लावणार आहे, जमेपर्यंत. येताना कोरडे कपडे आण, आणि ते वेळापत्रक नवं लिहून आण, शेवटचा रकाना रिकामा ठेवून. पॅडल फ्लोट, उलटल्यावर परत चढताना वल्ह्याला लावायचा तो तरंगता फुगा, विकत घेऊ नकोस. माझ्याकडे दोन आहेत, एक तिचा आहे.

तुझी,
ताई