कण न जाता निरोप: तार मात्र लागतेच

क्वांटम भौतिकीतल्या एका पद्धतीबद्दल तुम्ही विचारलंय, की निरोप देणारा आणि घेणारा या दोघांमध्ये एकही कण न जाता निरोप पोचत असेल, तर मधली तार काढून टाकता येईल का, आणि निरोप प्रकाशापेक्षा वेगानं जाईल का. दोन्हींचं उत्तर 'नाही'. का, ते सांगतो.

सगळ्याचं मूळ १९९३ सालच्या एलित्झूर आणि वैदमन यांच्या विचारप्रयोगात आहे. एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, त्याला दोन वाटा, शेवटी दोन्ही वाटा पुन्हा एकत्र. मांडणी अशी जुळवलेली की वाटा मोकळ्या असतील तर दोनपैकी एक डिटेक्टर कधीच वाजत नाही. आता एका वाटेत अडथळा ठेवा. व्यतिकरण, म्हणजे दोन्ही वाटांच्या तरंगांचं एकमेकांत मिसळणं, मोडतं आणि तो गप्प डिटेक्टर चारांतून एकदा वाजतो. वाजला, की अडथळा आहे हे कळलं. आणि फोटॉन तिकडे गेलेला नाही, कारण गेला असता तर अडथळ्यानं गिळलाच असता. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो!

अडचण एवढीच, की निम्म्या वेळा फोटॉन गिळला जातो. त्यावर उपाय म्हणजे झीनो परिणाम: पुन्हा पुन्हा तपासत राहिलं की बदल रोखला जातो. फोटॉनचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या तरंगाच्या डोलण्याची दिशा (तीवरून त्याची वाट ठरते), एकदम ९० अंश न फिरवता दहा फेऱ्यांत ९-९ अंश फिरवायचं. अडथळा असेल तर दर फेरीत ध्रुवीकरण पुन्हा शून्यावर येतं. वाचण्याची शक्यता कागदावर काढून बघा: ९ अंशांच्या कोसाइनचा वर्ग ०.९७५५, त्याचा दहावा घात ०.७८. शंभर फेऱ्या केल्या तर ०.९७ च्या वर.

२०१३ मध्ये सालिह, झुबैरी आणि सहकाऱ्यांनी अशा फेऱ्या एकात एक गुंफून थेट निरोपाची पद्धत मांडली: निरोप देणाऱ्या बॉबनं (हे ठरावीक कल्पित नाव) वाट अडवली तर १, मोकळी ठेवली तर ०. चीनमध्ये जियान-वेई पान यांच्या गटानं ती प्रयोगात उतरवून एक कृष्णधवल चित्र पाठवलं. तो निबंध २०१७ चा.

पण वाद आहे, आणि तो खुद्द वैदमन यांनीच घातलाय. '१' बद्दल कुणाचं फारसं दुमत नाही. '०' च्या वेळी मात्र वाट मोकळी असते, आणि दुर्बल मापन, म्हणजे फोटॉनला जेमतेम धक्का लागेल असं हलकं मापन, केलं तर बॉबच्या बाजूला फोटॉनचा पुसट माग सापडतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

आता तारेचं. बॉब जी वाट अडवतो किंवा मोकळी ठेवतो, ती मुळात असावी तर लागतेच; फोटॉनच्या तरंगाचा अंश तिच्यातूनच चाचपत येतो-जातो. शिवाय प्रत्येक फेरीला बॉबपर्यंत जाऊन परत येण्याइतका वेळ जातो. फेऱ्या वाढवाल तितका निरोप रेंगाळतो. साधा प्रकाशाचा झोत सोडला असता तर तो कितीतरी आधी पोचला असता.