फ्रान्सच्या ग्रामीण भागात गाड्यांच्या वर्दळीशिवाय सायकल चालवायची असेल तर कुठे जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ-दहा दिवसांची सुट्टी आहे, दोघं नवरा-बायको जाणार आहात, पुण्याच्या आसपास दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेऱ्या) केल्या आहेत, पण मागून येणाऱ्या ट्रकच्या भोंग्यांचा वीट आलाय. लुआर नदीकाठचा सायकलमार्ग घ्यावा की आल्प्समधले नावाजलेले घाट, हे ठरत नाहीये.

मी कामानिमित्त फ्रान्समध्ये राहतो आणि सुट्ट्यांमध्ये बहुतेक सायकलवरच असतो. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. मध्य फ्रान्समधल्या क्रूझ जिल्ह्यात जा.

लुआरचा मार्ग वाईट अजिबात नाही. सुमारे ९०० किलोमीटर, जवळजवळ सपाट, जागोजागी पाट्या. बरोबर लहान मुलं असती तर मीच तुम्हाला तिकडे पाठवलं असतं. पण उन्हाळ्यात तिथे सायकलींचीच वर्दळ असते, शिवाय राजवाडे बघायला आलेल्यांच्या गाड्या. आल्प्सची अडचण वेगळी. डोंगरात एका खोऱ्यातून बहुधा एकच रस्ता वर जातो. त्यामुळे स्थानिक माणूस, कॅरव्हॅनवाला, मोटरसायकलस्वारांचा जथा आणि तुम्ही, सगळे त्या एकाच रस्त्यावर. घाट जितका प्रसिद्ध तितकी गर्दी जास्त. शांतता हवी असेल तर जिथे दोन गावांच्या मध्ये चार रस्ते आहेत आणि वापरायला माणसं नाहीत, असा भाग शोधायला हवा.

असे भाग फ्रान्समध्ये पुष्कळ आहेत, आणि का आहेत ते समजून घेतलं तर नकाशा वाचणं सोपं जातं. देशात सुमारे ११ लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले साधारण ७ लाख कम्यूनच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थांच्या ताब्यात आहेत. अशी कम्यून जवळजवळ ३५ हजार. १८३६ च्या कायद्यानं गावरस्त्यांची देखभाल त्यांच्यावर सक्तीची केली आणि गावागावाला, वाडी-वस्तीला जोडणारं जाळं पक्कं होत गेलं. तेव्हा खेड्यांत माणसं होती. क्रूझमध्ये १८५१ साली सुमारे २ लाख ८७ हजार लोक राहत होते. आज जेमतेम १ लाख १५ हजार. इथले गवंडी हंगामात पॅरिसला बांधकामावर जायचे. एकोणिसाव्या शतकात नव्यानं बांधलेल्या पॅरिसमध्ये त्यांचा हात मोठा. पुढे ते कुटुंबासकट तिकडेच राहिले. माणसं गेली, रस्ते राहिले, आणि पुढे त्यांच्यावर डांबरही पडलं. चौरस किलोमीटरला आता वीसेक माणसं आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा हाच आकडा ३६५ होता.

जिल्हा ओलांडून जाणारी वाहतूक पश्चिमेच्या ए २० महामार्गावर आणि उत्तरेच्या एन १४५ वर जाते. ट्रकही त्यांच्यावरच. महामार्गावर सायकलला बंदीच आहे, आणि एन १४५ वर फिरकण्याचं कारण नाही. हे दोन सोडले की उरलेला जिल्हा तुमचा.

आता नकाशा. मोबाइलवरची ॲप्स चालतात, पण मार्ग ठरवताना मी अजून मिशेलिनचा कागदी नकाशा टेबलावर पसरतो. त्यात लाल रस्ते मोठे, पिवळे मधले आणि पांढरे बारीक. तुमचे रस्ते पांढरे. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर निसर्ग चांगला, पण मग तिथे इतरांच्या गाड्याही येतात. रस्त्यावर छोटे बाण दिसतात ते चढाचे: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून तीव्र. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं.

रस्त्याच्या क्रमांकावरूनही कळतं. जिल्हा रस्त्यांना ‘डी’ लागतं, आणि कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो. साधा ठोकताळा असा की आकडा जितका लांब, शेवटी अक्षर वगैरे जोडलेलं, तितका रस्ता निवांत. मात्र यात एक मेख आहे. पूर्वीचे बरेच राष्ट्रीय मार्ग १९७० च्या दशकात आणि पुन्हा २००६ मध्ये जिल्ह्यांकडे सोपवले गेले. तेव्हा जुन्या क्रमांकात ९ किंवा १० घुसवून नवा केला. एन १४१ चा डी ९४१ झाला, एन ८९ चा डी १०८९. दिसायला हे जिल्हा रस्ते, पण गाड्या जुन्याच वेगानं जातात. नऊशेच्या किंवा हजाराच्या घरातला ‘डी’ दिसला की आधी त्याची चौकशी करा. आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक अनेकदा बदलतो, तेव्हा चुकलो असं समजून मागे फिरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर लिमोझ या जवळच्या शहरातून छोट्या रेल्वेगाडीनं एमूतिएला उतरलो असतो. तिथून पेरा-ल-शातो, मग व्हासिव्हिएरचा तलाव. हा जलविद्युत प्रकल्पाचा जलाशय, १९५० च्या सुमाराचा. टूर द फ्रान्सच्या वैयक्तिक वेळ-शर्यती इथे झाल्या आहेत. १९८५ मध्ये ग्रेग लेमाँडनं इथली शर्यत जिंकली. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला अमेरिकन. तलावाकाठी उन्हाळ्यात थोडी गर्दी असते, पण पूर्वेला मिलव्हाश पठारावर चढायला लागलात की ती संपते. ग्रॅनाइटची घरं, तांबूस गाई, डग्लस फरची लावणीची जंगलं, मध्येच लालसर गवताच्या पाणथळ जागा. अर्धा-पाऊण तास एकही गाडी भेटत नाही, आणि भेटलीच तर चालवणारा हात वर करतो.

जाँत्यू गावात जरूर थांबा. फ्रान्समध्ये प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक असतं, बहुधा शौर्याचं. इथलं १९२२ चं स्मारक तसं नाही. पोरका झालेला शाळकरी मुलगा मूठ उगारून उभा आहे, आणि खाली कोरलंय, ‘युद्धाला शाप असो’. गावाच्या लोकसंख्येच्या मानानं वरच्या नावांची यादी वाचून बघा. रस्ते रिकामे का, याचं आणखी एक उत्तर तिथे मिळतं.

तिथून फेल्ताँ, आणि सुमारे १० किलोमीटरवर ओब्यूसाँ. ओब्यूसाँची विणलेली भिंतचित्रं शतकानुशतकं प्रसिद्ध आहेत. २००९ मध्ये ती कला युनेस्कोच्या यादीत आली. परतीला पश्चिमेकडे वळून सँ-लेओनार-द-नोब्ला गाठा. रेमाँ पुलिदोर तिथे राहायचा. १९३६ साली क्रूझमधल्याच शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा सायकलपटू टूरमध्ये तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला, पण एकूण शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी एक दिवसही त्याच्या अंगावर आली नाही. लोकांनी प्रेम मात्र विजेत्यांपेक्षा त्याच्यावर जास्त केलं. २०१९ मध्ये त्याच गावात तो गेला. या भागातल्या म्हाताऱ्यांशी बोलणं सुरू करायचं असेल तर ‘पुपू’ हे त्याचं लाडकं नाव, एवढा एक शब्द पुरतो.

सह्याद्रीचा घाट एकदा चढला की संपतो, इथे तसं नाही. दिवसभर छोटे-छोटे चढ-उतार येत राहतात, आणि संध्याकाळी बघावं तर हजारभर मीटर चढाई झालेली असते. त्यामुळे मैदानी हिशेबानं दिवसाला १२० किलोमीटर धरू नका, साठ-सत्तर पुरे. हलके गिअर हवेत, टायर २८ मिमीहून अरुंद नकोत. उन्हाळ्यात रस्त्यांवर डांबर फवारून बारीक कच पसरतात. ‘ग्राव्हियाँ’ अशी पाटी दिसली की उतारावर वेग कमी करा, वळणावर ब्रेक लावू नका.

खाण्या-पिण्याचं नियोजन मात्र नीट करावं लागतं, कारण रिकाम्या रस्त्यांवर दुकानंही रिकामीच. बेकरी दुपारी बंद असते, आणि आठवड्यातून एक दिवस, बरेचदा सोमवारी, उघडतच नाही. दुसऱ्या दिवशीचा पाव आणि चीज आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवा. काही गावांत पावाची, कुठे तर पिझ्झाचीही यंत्रं लागली आहेत. पाण्यासाठी इथल्या सायकलवाल्यांची जुनी युक्ती म्हणजे दफनभूमी. फुलांना पाणी घालायला तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. ‘नाँ पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका, इतकंच. शाकाहारी असाल तर जेवणात अडचण येईल; हा गोमांसाचा प्रदेश आहे. बटाट्यावर वितळलेलं चीज ओततात तो फोंद्यू क्रूझ्वा आणि बटाट्याची पाई शोधा. पाईत कधीकधी मांस असतं, म्हणून विचारून घ्या. दुकानात शिरताच आधी ‘बोंझूर’ म्हणा, मग काय हवं ते. हा क्रम चुकला की समोरचा आखडतो.

मुक्कामाला ग्रामपंचायतीची तंबूची मैदानं स्वस्त असतात; संध्याकाळी कुणीतरी येऊन पैसे घेऊन जातं. तंबू नको असेल तर घरगुती खोल्या मिळतात, पण थोड्या, तेव्हा आधी फोन करा. पठारावर मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, म्हणून नकाशा उतरवून घ्या आणि थोडी रोकड जवळ ठेवा.

गाड्यांची भीती म्हणालात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे आणि बहुतेक जण ते पाळतात. पूर्ण पलीकडच्या बाजूनं जातात. खरा धोका रिकाम्या रस्त्याचाच. सकाळी निघताना एकही गाडी समोर नसते आणि आपण सवयीनं डावीकडून चालवायला लागतो. हँडलला उजव्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावा. गावांत पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही छोट्या बोळातून येवो. लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक कामाच्या दिवशी जंगलातून येतात, आवाज आला की कडेला थांबलेलं बरं. कानात इयरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे, आणि रात्री गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं आहे.

यायला चांगला काळ म्हणजे मे अखेर ते जून, किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा रविवारी जंगलातल्या वाटांवर शिरू नका. पुढेमागे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेचा विचार असेल (ब्रेव्हे करताय म्हणजे असणारच), तर ती दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होते, पुढची २०२७ ला. त्यानंतर पाय शाबूत राहिले तर आठवडाभर इकडे येता येईल.

पॅरिसच्या ऑस्तेर्लित्झ स्थानकातून लिमोझला थेट गाड्या आहेत. त्यांत सायकलची जागा वेगळे पैसे भरून आरक्षित करावी लागते आणि जागा मोजक्याच असतात, तेव्हा स्वतःच्या तिकिटाबरोबरच ती घेऊन टाका.