वाचकांचे प्रश्न : अँटिव्हायरसचा डबा घ्यायचा का?

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. पुण्याच्या मुलाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा त्याचा जुना मला दिला. विंडोज 10 आहे. पेन्शनचे काम, बँक, सातबारा पाहणे, थोडे टायपिंग आणि सुटीत नातू आला की त्याचे खेळ, एवढाच वापर. मुलाने टाकलेल्या अँटिव्हायरसची मुदत दिवाळीत संपली. तेव्हापासून उजव्या कोपऱ्यात लाल पाटी येते : 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले, ताबडतोब नूतनीकरण करा.' तालुक्याचा दुकानदार म्हणतो, 1200 रुपयांत वर्षभराचा टाकून देतो, फायरवॉलही त्यातच येते. घरी वापरणाऱ्याला याची खरेच गरज आहे का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

गुरुजी, नमस्कार. 1200 रुपये सध्या खिशातच राहू द्या. आधी त्या लाल पाटीचं पाहू, कारण ती अँटिव्हायरसची आहे असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी पाटी आली की घाईने त्यावर टिचकी मारू नका, चष्मा लावून नीट वाचा. पाटीच्या वर नाहीतर खाली बारीक अक्षरात क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव आणि शेजारी कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता दिसेल. तसं दिसलं तर तुमच्या लॅपटॉपात एकही व्हायरस कोणी मोजलेला नाही. कधीतरी एखादी साइट उघडताना 'सूचना पाठवू का?' असं विचारणारी चौकट आली असेल आणि तुम्ही किंवा नातवाने 'अलाऊ' दाबलं असेल. त्या दिवसापासून ती साइट तुमच्या कोपऱ्यात येऊन ओरडते. माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन लॅपटॉप असे येतात. उपाय पाच मिनिटांचा आहे. ब्राउझरच्या तीन टिंबांतून सेटिंग्जमध्ये जा, तिथे साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. ज्या साइटांना परवानगी दिलेली आहे त्यांची यादी निघेल. ओळखीची नसेल ती काढून टाका. पाटी बंद.

आता दुकानदाराचं. त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. बसस्टँडसमोरच्या माझ्या दुकानात 2010 च्या आसपास काचेच्या कपाटात अँटिव्हायरसचे डबे एकावर एक रचलेले असायचे आणि एका डब्यामागे जे सुटायचं त्यातून दुकानाचं लाइटबिल निघायचं. त्यात आपल्या मराठी माणसाच्या कंपनीचेही असत. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे काटकर बंधू. थोरल्याने पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली आणि पुढे 'क्विक हील' उभं केलं. गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली की डबा लवकर खपायचा, हेही कबूल करतो.

आणि त्या काळी डबा विकणं खोटं नव्हतं. सगळीकडे विंडोज एक्सपी, इंटरनेट जेमतेम, आणि रोग पसरायचा पेनड्राइव्हवरून. बीएडची मुलगी फोटो स्टुडिओतून पेनड्राइव्ह भरून आणायची, माझ्याकडे प्रिंटला द्यायची, इथून तो कॉलेजात जायचा. "काका, येच्यातल्या साऱ्या फायली गेल्या न, नुसते बाण दिसून रायले." उघडून पाहावं तर 'लग्नाचे फोटो' या फोल्डरच्या जागी त्याच नावाचा एक केबीचा शॉर्टकट, कोपऱ्यात छोटासा बाण. फोटो गेलेले नसायचेच. व्हायरसने खऱ्या फोल्डरवर 'लपलेला' असा शिक्का मारून त्याच्या जागी स्वतःची पाटी लावलेली असायची. काळ्या खिडकीत 'अ‍ॅट्रिब' ही आज्ञा देऊन मी शिक्का काढायचो, फोटो परत दिसायचे आणि मुलगी माझ्याकडे देवमाणसासारखं पाहायची. वीस रुपये. तो पेनड्राइव्ह नुसता खुपसला की त्यातला प्रोग्राम आपोआप चालू व्हायचा, सगळं दुखणं तिथे होतं. विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ते बंद केलं, आणि 2011 च्या फेब्रुवारीत जुन्या एक्सपीलाही तशी दुरुस्ती दिली.

त्यानंतर 2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि त्यात डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आतूनच बसवलेला आला. सुरुवातीची काही वर्षं तो यथातथाच होता, मीच गिऱ्हाइकांना सांगायचो की याच्या भरवशावर राहू नका. जर्मनीत माग्देबुर्गला एव्ही-टेस्ट नावाची प्रयोगशाळा आहे, ती सगळ्या अँटिव्हायरसना सहापैकी गुण देते. तिथे पूर्वी मागच्या बाकावर बसणारा डिफेंडर गेली काही वर्षं पुष्कळदा सहापैकी सहा घेतो. विकतचेही घेतात. म्हणजे तुमच्यासारख्या वापराला 1200 रुपयांत जे मिळणार, त्यातलं मुख्य तुमच्या लॅपटॉपात फुकट पडून आहे.

फक्त ते जागं आहे का, हे पाहावं लागेल. बाहेरचा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. एका म्यानात दोन तलवारी नकोत म्हणून तशी सोयच केलेली आहे. आता मुदत संपलेला तो पाहुणा ना राखण करतो, ना उठून जातो. म्हणून आधी कंट्रोल पॅनलमधून तो पूर्ण काढा आणि लॅपटॉप बंद करून चालू करा. मग स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' लिहा. ढालीचं चित्र येईल. त्यात व्हायरस आणि फायरवॉल दोन्हीसमोर हिरवी खूण हवी. एवढंच.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर आणखी एक. डेटा वाचावा म्हणून पोरं वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' चालू करून ठेवतात. मग विंडोजचे बरेचसे अपडेट महिनोन्‌महिने येतच नाहीत आणि आपल्याला पत्ता नसतो. महिन्यातून एकदा ते बंद करून, रात्री जेवताना लॅपटॉप अपडेटला लावून ठेवा.

खरी अडचण तुमच्या विंडोज 10 ची आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सांभाळ 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहणार आहे, पण विंडोजच्याच भिंतीला भोक पडलं तर ते बुजवणारा गवंडी आता येत नाही. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा मुदत ठेवली आहे. अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो का ते मुलाला फोनवरून पाहायला सांगा. लॅपटॉपला विंडोज 11 झेपत असेल तर तेच चढवा. कुठल्याही डब्यापेक्षा याने जास्त काम होईल.

एवढं ठामपणे सांगतोय कारण मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. कापसाचा हंगाम, एका जिनिंगचे मुनीमजी कॉम्प्युटर घेऊन आले : विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट करा' म्हणतंय, फुकटात करून द्या. आम्ही दुकानवाले तेव्हा सर्रास जे करायचो ते मी केलं. इंटरनेटवरून चोरीचा अ‍ॅक्टिव्हेटर उतरवला. त्याच्यासोबत सूचना होती : 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' डिफेंडर दोनदा आडवा आला, मी दोन्हीदा त्याला बाजूला सारलं. संध्याकाळी मुनीमजींचा फोन. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं लागलेली, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक चिठ्ठी. 980 डॉलर द्या म्हणे, 72 तासांत दिले तर निम्मे, 490. "भाऊ, सारा हिशोब गेला ना जी. आता शेठले काय सांगू?"

युरोपोल आणि डच पोलिसांनी मिळून 2016 मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट काढली आहे, तिथे रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या अशा व्हायरसच्या, काही किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या कुलपाची नव्हती. शेवटी मुनीमजी आणि मी कागदी पावत्यांवरून नऊ रात्री बसून हिशोब परत टाइप केला. चहा माझा. त्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस होता, चांगला होता आणि ओरडतही होता. बंद करणारा मी होतो. तेव्हापासून माझ्या दुकानात चोरीचं विंडोज टाकून मिळत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

म्हणून गुरुजी, ते 1200 रुपये खर्चायचेच असतील तर त्यात भर घालून बाहेरची हार्ड डिस्क घ्या. पेन्शनचे कागद, फोटो, तुमचं टायपिंग, सगळं महिन्याला त्यावर उतरवा आणि काम झालं की वायर काढून कपाटात ठेवा. वायर काढायची हे विसरू नका. लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लागतंच. आणि नातवासाठी वेगळं, साधं खातं उघडा, ज्याला काही इन्स्टॉल करायचं तर तुमचा पासवर्ड लागेल. खेळाच्या नावाखाली ही पोरं काय काय उतरवतात ते मी रोज पाहतो.

विकतचा अँटिव्हायरस कोणी घ्यावा? माझ्यासारख्याने, ज्याच्या कॉम्प्युटरला दिवसाला चाळीस अनोळखी पेनड्राइव्ह लागतात. मी घेतो.

प्रश्न : नवीन गेम टाकली की 'विंडोज फायरवॉलने काही गोष्टी अडवल्या आहेत, परवानगी द्यायची का?' अशी चौकट येते. मी नेहमी हो म्हणते. चूक करते का? फायरवॉल म्हणजे नेमके काय?
— बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी, अचलपूर

ताई, तुमच्याकडे शेत असेल तर चटकन कळेल. फायरवॉल म्हणजे धुऱ्यावरचं तारेचं कुंपण आणि अँटिव्हायरस म्हणजे मचाणावर बसलेला जागल्या. रानडुक्कर बाहेरून घुसायला पाहतं, ते कुंपण अडवतं. आत शिरलेलं काही हललं तर जागल्या हाळी देतो.

कुंपण नसलं की काय होतं ते मी 2003 च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. तेव्हा यवतमाळात एका सायबर कॅफेत कामाला होतो. मोडेम कर्रर्र करून जोडला जायचा, गिऱ्हाईक मेल उघडायच्या आत पडद्यावर चौकट यायची आणि 60 सेकंदांची उलटी मोजणी सुरू. शून्यावर कॉम्प्युटर बंद. कोणी काही उतरवलेलं नाही, कुठे टिचकी मारलेली नाही, नुसतं इंटरनेटला जोडलं एवढाच गुन्हा. ब्लास्टर नावाचा किडा होता तो, उघड्या दारातून थेट आत यायचा. मालकाला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं, आणि दोन दिवसांचा पगार कापला. फायरवॉल एक्सपीत तेव्हाही होती, पण बंद ठेवलेली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये, सर्व्हिस पॅक 2 हा एक्सपीचा मोठा अपडेट आला आणि तेव्हापासून ती विंडोजमध्ये आधीच चालू असते. शिवाय घरी फायबर किंवा ब्रॉडबँडचा डबा असेल तर बाहेरून आगंतुक आलेल्याला तोही सहसा आत सोडत नाही. वेगळी विकत घ्यायचं कारण नाही.

तुमच्या चौकटीचं : ती विचारते की या प्रोग्रामसाठी फाटक उघडं ठेवू का. गेम ओळखीच्या जागेवरून घेतली असेल आणि मैत्रिणींबरोबर खेळायची असेल, तर 'प्रायव्हेट'ला, म्हणजे घरच्या नेटवर्कला, हो म्हणा, 'पब्लिक'वरची, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कवरची, खूण काढा. नाही म्हटलं तरी एकटीने खेळायची गेम बहुतेक चालतेच. चौकट आली त्या वेळी तुम्ही काहीच टाकत नव्हता, तर सरळ नाही म्हणा आणि कोणत्या प्रोग्रामचं नाव आहे ते लिहून ठेवा. कॉलेजच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायला नेहमी 'पब्लिक' निवडा. प्रिंटर दिसत नाही म्हणून कोणी फायरवॉलच बंद करून दिली असेल तर आजच चालू करा. प्रिंटरसाठी अख्खं कुंपण पाडत नसतात.

प्रश्न : गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून पीएम किसानची फाइल आली. मोबाइलमध्ये अँटिव्हायरस टाकला तर अशी फाइल उघडायला हरकत नाही ना?
— एक संत्रा बागायतदार, ता. मोर्शी

हरकत आहे, भाऊ. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते अख्खं अ‍ॅप आहे. ओळखीच्या नंबरवरून आली कारण त्या माणसाचा मोबाइल आधीच फसलेला असणार. त्याला फोन करून सांगा. योजनेचे वर्षाचे 6000 रुपये 2000 च्या तीन हप्त्यांत खात्यात येतात, त्यासाठी अशी फाइल टाकावी लागत नाही. अ‍ॅप हवंच असेल तर प्ले स्टोअरवरून घ्या. गूगलचा तपासनीस फोनमध्ये आधीच असतो, वेगळा अँटिव्हायरस नको.

आधीच टाकून बसला असाल तर मोबाइलचं नेट बंद करा आणि सिम काढा, कारण असलं अ‍ॅप तुमचे ओटीपी वाचून परस्पर पुढे पाठवतं. मग बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा, दोन्ही फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवरून.