इंग्रजीच्या सी टू परीक्षेसाठी घरात मराठी बोलणं बंद करावं का?

तुम्ही विचारलंय की मराठी माध्यमातून शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला केंब्रिजची सी टू प्रोफिशियन्सी, म्हणजे त्यांची इंग्रजीची सगळ्यात वरच्या पातळीची परीक्षा, सहा महिन्यांत जमेल का, क्लास लावावा का, ॲक्सेंटचे मार्क जातात का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की क्लासवाले म्हणाले, परीक्षा होईपर्यंत घरात मराठी पूर्ण बंद, सासूबाईंशीसुद्धा इंग्रजीतच बोला. बाकीच्यांचं सांगते पुढे, पण मी लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीमुळे. बंद करू नका. मी केलं होतं, चार महिने, आणि त्या चार महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

मी विक्रोळीची, कन्नमवार नगर. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, आमचा नंबर त्याच्या आधी लागला). बी.ए. इंग्रजी घेऊन केलं, मग फोर्टला शिपिंगच्या ऑफिसात पत्रव्यवहाराचं काम. सी टू द्यायचं ठरवलं तेव्हा मी चौतिशीत होते आणि घरात आई आणि मी दोघीच. दादरला एक क्लास लावला. तिथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, मराठी मीडियमवाल्यांचा प्रॉब्लेम एकच, डोक्यात ट्रान्सलेशन चालू असतं, ते बंद करा, थिंक इन इंग्लिश. क्लासमध्ये मराठी शब्द तोंडातून गेला की दहा रुपये दंड, वहीत नाव. आणि घरी पण तेच पाळायचं, स्वतःहून. बॅचमधली बाकी मुलं कॉन्व्हेंटची, त्यांना काय फरक पडणार होता, दंड भरणारी मी आणि कल्याणचा एक मुलगा, आम्ही दोघंच.

मी मनापासून पाळलं. ऑफिसातून येईपर्यंत साडेसात व्हायचे, आई खाली बसून वाल सोलत असायची. मोड आलेला वाल चिमटीत धरून नेमका दाबला की डाळिंबी सालातून टुणकन बाहेर येते, आईचा हात न बघता चालतो. तिची सवय अशी की हात चालू आणि मान माझ्याकडे. "आज गाडीला गर्दी होती का गं?" आणि मी काय म्हणायचे, "येस आई, अ लॉट." भाजी कुठली करू म्हणाली की "एनिथिंग". सुरुवातीला ती हसायची, शेजारच्या काकूंना सांगायची आमच्याकडे मॅडम आल्यात म्हणून. दुसऱ्या महिन्यात तिने विचारणंच सोडलं. तिसऱ्या महिन्यात पुण्याहून ताईचा फोन आला, आई म्हणत्येय तू तिच्यावर रागावलीयेस का, तिचं काही चुकलं का. तरीही मी थांबले नाही, कारण सरांनी सांगितलं होतं की सगळ्यात जास्त त्रास होतो तेव्हाच खरी प्रगती होते.

रिझल्ट आला १९७. सी टू २०० ला सुरू होतं. १८० ते १९९ ला एक पायरी खालचं, सी वनचं सर्टिफिकेट मिळतं, लोक म्हणाले तेही काही कमी नाही, बरोबर आहे, पण मी दिली होती सी टू. पाच आकडे येतात, रीडिंग, यूज ऑफ इंग्लिश (व्याकरण आणि शब्द), रायटिंग, लिसनिंग, स्पीकिंग, आणि त्यांची सरासरी. माझं रायटिंग १८४ होतं, त्यानेच खाली ओढलं. आणि मी तर समजत होते की रायटिंग हेच माझं बलस्थान.

मग सरावाचे सगळे निबंध काढून बसले, बावीस होते. रायटिंगचा पहिला प्रश्न तुम्हाला माहीत असेलच, साधारण शंभर-शंभर शब्दांचे दोन उतारे, दोघांचे मुख्य मुद्दे मांडायचे, ते तपासायचे, त्यात स्वतःचं म्हणणं घालायचं, २४० ते २८० शब्द. प्रत्येक उताऱ्यात दोन मुद्दे असतात, एकूण चार. बावीसपैकी पंधरा निबंधांत माझा एक मुद्दा गायब होता. वाक्यं छान, जोडशब्द छान, आणि दुसऱ्या उताऱ्याचा खरा आक्षेप कुठेच नाही. म्हणजे मी इंग्रजीत विचार करत नव्हतेच, इंग्रजीतली पाठ केलेली वाक्यं कुठे बसवता येतील ते शोधत होते. ज्या भाषेत आपण अजून शिकतोय त्याच भाषेत एखाद्याचा युक्तिवाद पहिल्यांदा पकडायला गेलं की हातात शब्द येतात आणि म्हणणं निसटतं.

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं, मराठीत. चार महिन्यांनी. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पदराने पुसून तिने विचारलं, "पण त्यात लिहायचं काय असतं?" मी तिला सरावातला एक जोड-उतारा सांगितला, पहिला म्हणतो जुन्या इमारती ठेवा, त्यात शहराची आठवण असते आणि पाडून बांधण्यापेक्षा दुरुस्ती परवडते, दुसरा म्हणतो लोकांना घरं पाहिजेत, आणि जुन्याचं कौतुक तिथे न राहणारेच करतात. आता कन्नमवार नगरात रीडेव्हलपमेंटवर बोलायला कोणाला शिकवावं लागत नाही, सोसायटीच्या मीटिंगा ऐकून ऐकून आई पक्की झालेली. मी लिहिलेला निबंध तिला मराठीत सांगितला तर ती म्हणाली, "अगं, त्या दुसऱ्याचं दुसरं म्हणणं कुठंय? कौतुक न राहणारेच करतात म्हणाला ना तो? त्याला तू काय उत्तर दिलंस? आणि तुझं काय म्हणणं आहे ते तर आलंच नाही." जो मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता तो सातवी पास बाईने एकदा ऐकून काढला.

दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू केलं. सकाळी लेडीज डब्यात एकाच विषयावरचे उलट मतांचे दोन इंग्रजी लेख वाचायचे, संध्याकाळी आई काहीतरी निवडत असायची तेव्हा तिला मराठीत सांगायचे, तिच्या "मग?"ला उत्तर द्यायचं, आणि जेवणानंतर तेच इंग्रजीत लिहून काढायचं, घड्याळ लावून. सहा महिने केलं. दुसऱ्यांदा २१४ आले, ग्रेड बी. (२०० ते २१२ सी, २१३ ते २१९ बी, २२० पासून वर ए.) रायटिंग २१६.

डोक्यातलं ट्रान्सलेशन म्हणजे रोग, हे जे सांगतात ना, त्यांनी या परीक्षेचा इतिहास तरी बघावा. १९१३ साली ती पहिल्यांदा झाली, तीन जण बसले, तिघंही नापास, पेपर एकूण बारा तासांचे, आणि त्यात भाषांतर होतं, इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये आणि उलट. म्हणजे ज्यांनी परीक्षा काढली त्यांनाच दोन भाषांमध्ये ये-जा करता येणं महत्त्वाचं वाटत होतं. आज भाषांतराचा पेपर नाही, पण आपली भाषा घरी ठेवून या असंही कुठे लिहिलेलं नाही. आपल्या लोकलमध्ये पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन असं तिन्ही भाषांत सांगतात, त्याने कोणी चुकीच्या स्टेशनला उतरत नाही.

यूज ऑफ इंग्लिशमध्येही मराठी उपयोगी पडते, फक्त नीट वापरायला लागते. फ्रेझल व्हर्ब घ्या, म्हणजे "अप"सारखा छोटा शब्द जोडलेली क्रियापदं, सगळे त्यांच्या याद्या पाठ करतात. मी आईचं बोलणं ऐकताना एक दिवस लक्षात आलं की आपण "पैसे वापरले" आणि "पैसे वापरून टाकले" यात जो फरक करतो तोच "यूज्ड" आणि "यूज्ड अप"मध्ये आहे. "खाल्लं", "खाऊन टाकलं", "एट", "एट अप". आपलं टाकणं आणि त्यांचा अप, दोन्ही काम संपवतात. दर वेळी असं जुळत नाही, पण एकदा कान तयार झाला की "अप" कशाला लावलाय हे कळायला लागतं. की-वर्ड ट्रान्सफॉर्मेशन पण तसंच. "आय डोन्ट केअर व्हेदर वी लीव्ह टुडे ऑर टुमॉरो" दिलंय, शब्द दिलाय "डिफरन्स", तो न बदलता तीन ते आठ शब्दांत रिकामी जागा भरायची. मनात म्हणा "मला काही फरक पडत नाही", उत्तर समोर येतं, "मेक्स नो डिफरन्स टू मी".

आणि मराठी नडते कुठे तेही सांगते. आपल्याकडे आर्टिकल ("अ", "ॲन", "द") नाहीत, म्हणून "द" गळतो किंवा नको तिथे पडतो. "गेली दोन वर्षं"चं "सिन्स टू इयर्स" होतं. "विषयावर चर्चा केली" म्हणून "डिस्कस्ड अबाउट" होतं. यावर मराठी बंद करणं हा उपाय नाही, चूक कुठून येते ते एकदा ओळखलं की ती हाताखालून जाताना दिसते. मी या तीन चुकांसाठी वहीचं वेगळं पान ठेवलं होतं, लिहून झालं की फक्त त्या तीनच शोधायच्या. ओपन क्लोझमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात, तर बरेचदा असेच छोटे शब्द गाळलेले असतात, आणि त्यात पर्याय दिलेले नसतात.

सर, तुम्ही कधी हे वाचलंत तर, प्रॉब्लेम माझ्या माध्यमाचा नव्हता. तुम्ही माझे बावीस निबंध तपासलेत, प्रत्येकावर "गुड व्होकॅब्युलरी" लिहिलंत, आणि पंधरांमध्ये मुद्दा नाही हे एकदाही सांगितलं नाहीत. दंडाची वही मात्र रोज तपासलीत.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. ॲक्सेंटचे मार्क जात नाहीत, समोरच्याला विनासायास कळलं पाहिजे. आपल्याला काम करायचं असतं ते आघातावर, "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आणि "फोटॉग्राफर"मध्ये दुसऱ्यावर, मराठीत असं फारसं नसल्यामुळे आपण सगळं सपाट बोलतो. स्पीकिंग जोडीने असतं, सोळा मिनिटं, जोडीदाराचं ऐकून त्याला धरून बोलण्याचेही मार्क असतात. लिसनिंग दोनदा ऐकवतात, त्याला घाबरू नका. क्लास लावायचाच असेल तर एकच चौकशी करा, निबंध कोण तपासणार आणि त्यावर काय लिहिणार. आधीच्या कोणाचा तपासलेला निबंध दाखवा म्हणा, नाही म्हणाले तर परत या.

सहा महिन्यांचं म्हणाल तर तुम्ही आत्ता कुठे आहात त्यावर आहे. सी वन पक्कं असेल तर रोज दीड-दोन तासांत होऊ शकतं, नसेल तर आधी सी वनच द्या. आणि एक, हे आधीच विचारायला हवं होतं, तुम्हाला हे कशासाठी हवंय? व्हिसा किंवा ॲडमिशनसाठी असेल तर त्यांना नेमकी कुठली परीक्षा चालते ते पहिलं बघा, आयेल्ट्स मागितली असेल तर सी टूच्या मागे लागू नका. आयेल्ट्सचा निकाल दोन वर्षंच धरतात, केंब्रिजच्या सर्टिफिकेटवर मुदत नसते, पण काही ठिकाणी तेही अलीकडचंच मागतात.

आणखी एक, माझं वाचन आधीपासून बऱ्यापैकी होतं आणि ऑफिसात दिवसभर इंग्रजीतच लिहायचे. तुमच्या कामात इंग्रजी कानावर पडत नसेल तर प्रवासात हेडफोन लावून ऐका, भरपूर ऐका, ते वाढवायलाच पाहिजे. पण ते प्रवासात. घरी आल्यावर सासूबाईंना विचारा, दिवसातला अर्धा तास मला द्याल का, दोन माणसं एका गोष्टीवर काय भांडतायत ते सांगते, तुम्ही मध्येमध्ये अडवा.